शिनानोचा फोटो 'साफ' करू नका

दर्यावर्दी: जपानच्या 'शिनानो' या विमानवाहू युद्धनौकेचा दुर्मिळ फोटो परवा एआयने घासूनपुसून, रंगवून कुणीतरी टाकला होता. जीव कळवळला. ११ नोव्हेंबर १९४४ ला टोकियोच्या उपसागरात चाचणी चालू असताना टगबोटीवरून टिपलेला हा फोटो. सत्तर हजार टनांच्या घरातलं जहाज आणि त्याचे ज्ञात फोटो दोनच! दुसरा अमेरिकी विमानातून, फार उंचावरून काढलेला. २९ नोव्हेंबरला अमेरिकी 'आर्चरफिश' पाणबुडीच्या चार टॉर्पेडोंनी ते तळाशी गेलं. मूळ फोटोत जिथे नुसता करडा धूसरपणा आहे तिथे आता कठडे आणि माणसं दिसतात. ती आली कुठून?

कॅमेराबाज: अजिबात पटलं नाही. माझा भाचा काळापांढरा फोटो आला की अंगठ्याने पुढे सरकवतो. शिनानोच्या भावंडातली युद्धनौका 'यामातो', तिचा ऑक्टोबर १९४१ च्या चाचणीतला फोटो रंगीत दाखवला, तर तासभर प्रश्न विचारत बसला. मूळ फोटो कुठे पळून जात नाही. खाली 'रंगवलेला' असं लिहा, झालं.

दर्यावर्दी: रंगाचं एकवेळ चालेल, मनाने तपशील घुसडणं नाही. नागासाकीत यांचंच तिसरं भावंड 'मुसाशी' बांधताना कुणाला दिसू नये म्हणून तिच्याभोवती दोरांचे अवाढव्य पडदे टांगले होते. तिच्या तोफांच्या नळीचा व्यास ४६ सेंटिमीटर, पण लपवण्यासाठी कागदावर ४०. शिनानो बुडवणाऱ्या कॅप्टनवरही त्याच्या वरिष्ठांचा विश्वास बसेना, कारण असं जहाज त्यांच्या नोंदीतच नव्हतं! त्याला स्वतः पाहिलेल्या आकृतीचं रेखाटन द्यावं लागलं. शरणागतीच्या वेळी जपान्यांनी कागदपत्रं जाळली. एवढ्या लपवाछपवीतून वाचलेला फोटो धूसर असणारच, आणि तो तसाच बघायला हवा.

किनाऱ्यावरची: तुम्ही दोघंही पोलादाबद्दलच बोलताय. ७ एप्रिल १९४५ ला यामातो बुडाली तेव्हा सुमारे तीन हजार माणसं गेली. स्फोटाच्या ढगाचा तो फोटो लोक मोबाईलच्या वॉलपेपरला लावतात, मला बघवत नाही. रंगीत असो नाहीतर काळापांढरा, खाली मेलेल्यांचा आकडा लिहा.

कॅमेराबाज: ताई, आकड्याचं मनापासून मान्य. दर्यावर्दी, कठड्यांचंही पटलं. मी टाकलेला यामातोचा फोटो आत्ता मूळ प्रतीशी ताडून पाहिला, जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या लाटेत नसलेला फेस भरलाय. काढून टाकतो. रंग मात्र ठेवणार, भाच्यासाठी.