मदत हवी आहे – अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर बाबांच्या मानेचा जोड भरत नाहीये

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात शेती. शुगर आहे, तंबाखू चाळीस वर्षं. अन्ननलिकेच्या खालच्या भागात कॅन्सर निघाला, आधी केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन करून अन्ननलिका काढली आणि जठराचीच नळी करून वर मानेत जोडली. सातव्या दिवशी मानेच्या टाक्यांतून लाळ यायला लागली, लीक आहे म्हणाले. टाके थोडे उघडे ठेवलेत, तोंडाने पाण्याचा थेंब नाही, सगळं पोटातल्या एफजे ट्यूबमधून (पोटातून थेट लहान आतड्यात घातलेली फीडची नळी). आज सोळावा दिवस, ताप नाही पण ड्रेसिंग दिवसातून तीनदा भिजतं आणि बघून जीव तुटतो.

सर्जननी चित्र काढून समजावलं की जठराला एरवी सगळीकडून रक्त येतं, पण ते वर ओढायचं तर बाकीच्या रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात, मग अख्खी नळी मुख्यतः उजव्या बाजूच्या एका वाहिनीवर जगते आणि जोड असतो नेमका टोकाला, जिथे रक्त सगळ्यात कमी पोचतं. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे कॅनॉलच्या टेलला पाणी येत नाही तसंच की."

तर टेलला पाणी पोचवायला आपल्या हातात काय आहे? भाऊ हायपरबॅरिक ऑक्सिजनचं (बंद चेंबरमध्ये जास्त दाबाने ऑक्सिजन देतात ते) म्हणतोय, आत्या म्हणते ट्यूबमधून बीटचा रस द्या. आणि काल उशीखाली तंबाखूची पुडी सापडली, काकांनी आणून दिलेली. "गिळत नाही, नुसती धरतो" म्हणतात, काय बोलणार?

प्रतिसाद १:
ताई, मी सर्जिकल आयसीयूत नर्स आहे. पुडी आधी काढा. गिळली नाही तरी निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे टेलचं पाणी आपणच अडवतोय. काकांना सर्जनकडूनच सांगायला लावा, घरच्यांचं ऐकत नाहीत.

बाकी शुगर ताब्यात, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनवर (रक्तातलं एक प्रोटीन) लक्ष, बीपी पडू द्यायचं नाही (बीपीच्या गोळ्या चालू असतील तर विचारा), फीडमध्ये डाएटिशियनने सांगितलेलं प्रोटीन पूर्ण जातंय का ते रोज वहीत लिहा. रस, काढे ट्यूबमधून मनाने देऊ नका, ट्यूब चोंदते, आणि प्रत्येक फीडनंतर पाण्याने फ्लश करायचं. हायपरबॅरिकचा या जोडासाठी भक्कम पुरावा नाही, त्यासाठी पेशंट हलवायची घाई करू नका. मानेतलं लीक बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप बंद होतं, छातीतलं जास्त धोक्याचं. पण ताप, धाप, छातीत दुखणं, घाण वास किंवा काळपट स्राव, यातलं काहीही दिसलं तर रात्री २ वाजतासुद्धा डॉक्टरांना उठवा.

धागाकर्ती:
खूप आभार ताई. पुडी काढली, बाबा रागावलेत, बोलत नाहीयेत. वही आजपासून सुरू केली, निम्मंच फीड जात होतं हे आत्ता कळलं. उद्या राउंडला दाखवते. अजून एक, जोड भरल्यावर पुढे गिळताना अडकतं म्हणतात, कुणाच्या घरी झालंय का असं? मग किती वेळा दुर्बिणीने रुंद करून घ्यावं लागलं?