जर्मनीत नोकरी लागली. आरोग्य विम्याचं नेमकं काय करायचं?

भुसावळकर_३२
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतली नोकरी सोडून १ एप्रिल २०२६ पासून श्टुटगार्टजवळ रुजू होतोय. ग्रॉस पगार महिना ४,८०० युरो. सोबत बायको (थायरॉईडची गोळी चालू आहे) आणि चार वर्षांची मुलगी, विमान २६ मार्चचं. एजंट म्हणतो महिना ४५ युरोची फॉरेनर पॉलिसी घ्या, तिकडचं एचआर विचारतंय 'कासे कुठली?'. वडील ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, आतापर्यंत माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये होते. कोणी नीट उलगडून सांगेल का?

तापीकाठ
एजंटला आधी हात जोडा. तुमचा वर्षाचा ग्रॉस ५७,६०० युरो. २०२६ साठी खासगी विमा निवडायची मुभा ७७,४०० च्या वर आहे. त्याखालच्या नोकरदाराला सरकारी आरोग्य विमा सक्तीचा. तो चालवणारी संस्था म्हणजे क्रांकेनकासे, थोडक्यात कासे. ४५ युरोची पॉलिसी घेतली तरी कासेचे पैसे पगारातून कापलेच जाणार. शिवाय अशा स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणजे थायरॉईड तिथेच गेला.

मेडिक्लेमसारखा वय आणि आजार बघून हप्ता तिकडे नाही. पगाराची टक्केवारी कापतात. मूळ दर १४.६ टक्के, निम्मा कंपनीचा. त्यावर त्सुझात्सबायट्राग म्हणून जादा दर, २०२६ ची सरासरी २.९ टक्के, तोही निम्मा-निम्मा. म्हणजे तुमच्या वाट्याला ८.७५ टक्के, ४२० युरो. दीर्घ शुश्रूषेचा विमा वेगळ्या ओळीत दिसेल: मूल असल्याने तुमचे १.८ टक्के, ८६ युरो ४० सेंट. एकूण ५०६ च्या आसपास. मुलीचा जन्मदाखला पगार विभागाला दिला नाही तर निपुत्रिक समजून ०.६ टक्का जादा कापतात. एका कागदापायी महिन्याला २९ युरो कशाला घालवायचे?

कासे कुठलीही घ्या. टीके, एओके, बार्मर ही ओळखीची नावं. बहुतेक लाभ कायद्यानेच ठरलेले, फरक जादा दराचा आणि सेवेचा. जादा दरात एक टक्क्याचा फरक असला तर तुमच्या खिशातून महिन्याला २४ युरो. एकदा निवडली की साधारण १२ महिने बदलता येत नाही. मध्येच दर वाढवला तर मात्र सोडता येते. निघण्याआधीच ऑनलाइन अर्ज करा आणि एचआरला कासेचं नाव कळवा.

भुसावळकर_३२
म्हणजे बायको-पोरीचे वेगळे पैसे नाहीत? आणि २६ ते ३१ मार्चला काही झालं तर?

तापीकाठ
नाहीत. कौटुंबिक विम्याचा फॉर्म भरायचा, फामिलिएनफरझिशरुंग. वहिनींचं उत्पन्न महिना ५६५ युरोच्या आत हवं (मिनीजॉब, म्हणजे छोटी कमी पगाराची नोकरी असेल तर ६०३). त्याहून जास्त कमावू लागल्या की त्यांचा स्वतःचा वेगळा विमा. खरी अडचण नावांची: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, विवाह दाखल्यावर सासरचं, मुलीच्या दाखल्यावर आईच्या नावाचं तिसरंच स्पेलिंग. नगरपालिकेतली दुरुस्ती इथूनच करून घ्या, तिकडून फोनवर होत नाही.

कासे १ एप्रिलपासून. आधीच्या दिवसांसाठी तिघांची प्रवास पॉलिसी, किमान ३०,००० युरो कव्हर. व्हिसालाही ती लागतेच. १५ एप्रिलपर्यंतची घ्या, विमान किंवा रुजू तारीख पुढेमागे होते.

खापरावरची_पुरणपोळी
कासेचं विमा कार्ड टपालाने येतं. घराच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो, आणि कार्ड का येत नाही हे महिनाभर कळत नाही. घर मिळालं की पहिलं काम ते. तोवर डॉक्टरकडे जावं लागलं तर कासेकडून एर्झात्सबेशायनिगुंग मागवा, कार्डाच्या जागी चालतं.

औषधाला किमतीच्या १० टक्के, पण किमान ५ आणि कमाल १० युरो. इस्पितळात दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. १८ वर्षांखालच्या मुलांना हे लागत नाही. रात्री-अपरात्री साधं दुखणं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

दात भारतातच करून या. क्राउनला कासे ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्के देते, बाकी तुमचं. मोठ्यांच्या चष्म्याला सहसा काहीच नाही, म्हणून दोन जोड घेऊन निघा. गोळ्या तीन महिन्यांच्या चालतात. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या: 'लेव्होथायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅम' असं. मुलीच्या लसीकरण कार्डावर गोवराच्या दोन मात्रा तारखेसह दिसायला हव्यात. त्याशिवाय बालवाडी घेत नाही, तसा कायदाच आहे.

भरीत_पार्टी
वडिलांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आई-वडील जर्मन कौटुंबिक विम्यात बसत नाहीत. आणि राजीनामा मंजूर होऊन नाव कमी झालं की ग्रुप पॉलिसीतून तेही बाहेर. भाऊ, हे काम राजीनाम्याच्या आधीचं आहे. त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या, म्हणजे मागच्या वर्षांचा प्रतीक्षा काळ मोजला जातो. नव्याने घेतली तर आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह लपवू नका. ६० महिन्यांच्या आत क्लेम आला आणि जुने रिपोर्ट सापडले की नकार ठरलेला. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, हप्ता विचारताना ते बघा.

शिवाय ७० च्या वरच्यांना सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारने केवायसी लागते, तुम्ही इथे असतानाच काढा. भुसावळ म्हटलं म्हणून विचारतो, वडील रेल्वेतून निवृत्त का? असतील तर उमीद कार्ड (रेल्वेचं वैद्यकीय कार्ड) आधी तपासा, त्यांचा हिशेब वेगळा.

हप्त्याची तारीख चुकली तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची मुदत असते, पण त्या दिवसांत झालेल्या उपचाराचा क्लेम अडतो. तुमचा भारतातला मोबाइल नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही आणि हप्ता तसाच राहतो. पॉलिसीला वडिलांचा किंवा बहिणीचा नंबर जोडून जा.