साऊथ टायरोलचं सरकार: एकाच मंत्रिमंडळात तीन शिक्षणमंत्री कसे काय?

बेळगावचा_पोरगा

मंडळी, मी मूळचा बेळगावचा, सध्या इटलीत बोल्झानोला मास्टर्स करतोय, येऊन आठ महिने झाले. स्टेशनवर उतरलं की पाटी इटालियन आणि जर्मन अशा दोन भाषांत, बोल्झानो आणि बोझेन, दवाखान्यातला फॉर्म दोन भाषांत, वरच्या खोऱ्यांत गेलं की तिसरी भाषा, लादिन, पण येते. परवा सहज या प्रांताच्या, म्हणजे साऊथ टायरोलच्या, सरकारची यादी बघत होतो तर शिक्षण खातं तीन जणांकडे दिसलं, जर्मन शाळा एकाकडे, इटालियन शाळा दुसऱ्याकडे, लादिन तिसऱ्याकडे. हे सरकार बनतं कसं आणि टिकतं कसं हे कुणी नीट सांगेल का? माझ्या आजोबांनी घराचा उतारा मराठीत मिळावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज केले, त्यांची ती कागदांची पिशवी मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे मला हे मनापासून समजून घ्यायचंय.

गार्डेनाचा_जावई

भाऊ, मी इथे चौदा वर्षं आहे, बायको गार्डेना खोऱ्यातली, लादिन, त्यामुळे हे राजकारण रोज जेवताना कानावर पडतं. आधी एक गोष्ट लक्षात घे, इथे कुठल्या भाषेला किती जागा हे कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. ते १९७२ च्या स्वायत्तता कायद्यात लिहिलंय आणि त्या कायद्याला इटलीच्या राज्यघटनेचा दर्जा आहे, म्हणजे रोममध्ये सरकार बदललं आणि साध्या बहुमताने पुसून टाकलं असं होत नाही.

आता सरकारचं बघ. विधानसभेत ३५ आमदार, निवडणूक दर पाच वर्षांनी. आमदार मुख्यमंत्री निवडतात, त्याला जर्मनमध्ये लांडेसहाउप्टमान म्हणतात. मंत्रिमंडळात भाषागटांचं प्रमाण विधानसभेतल्या प्रमाणाला धरूनच ठेवावं लागतं. लोकसंख्येतल्या नाही हां, विधानसभेतल्या, आणि मेख इथेच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ३५ पैकी इटालियन फक्त ५ निवडून आले, लोकसंख्येत ते २७ टक्क्यांच्या आसपास असूनही. मतं बऱ्याच पक्षांत फुटली आणि खूप इटालियन लोक मतदानाला गेलेच नाहीत. सरकार ११ जणांचं, मग ५ भागिले ३५ गुणिले ११ केलं तर १.५७ येतं. म्हणजे एक मंत्री का दोन? यावर त्या हिवाळ्यात केवढी चर्चा झाली, आमच्या कॅफेत पण लोक हाच हिशोब मांडत बसलेले. शेवटी दोन झाले. लादिन आमदार एकच, तो प्रमाणात बसत नाही, पण तरीही लादिन मंत्री घेता येतो, ही वाट २००१ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. त्यामुळे आत्ता ८ जर्मन, २ इटालियन, १ लादिन. उपमुख्यमंत्री तीन, प्रत्येक भाषेचा एकेक.

याचा खरा परिणाम काय, तर जर्मन पक्षाला पूर्ण बहुमत असलं तरी एकट्याने सरकार बनवता येत नाही, इटालियन माणूस बरोबर घ्यावाच लागतो. एसव्हीपी या जर्मन भाषिकांच्या मुख्य पक्षाकडे कितीतरी वर्षं स्वतःच्या जोरावर बहुमत होतं तेव्हाही हेच होतं. २०२३ मध्ये त्यांच्या १३ जागांवर गाडी अडली, मग आर्नो कोम्पाचर यांनी, जे २०१४ पासून मुख्यमंत्री आहेत, पाच पक्षांचं सरकार बनवलं आणि त्यात फ्रातेल्ली द'इतालिया हा फॅसिस्ट वारशातून आलेला इटालियन राष्ट्रवादी पक्ष पण आहे. हे इथल्या जुन्या लोकांना फार लागलं. फॅसिस्टांच्या काळात इथे जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, थडग्यावर जर्मनमध्ये नाव कोरायलासुद्धा मनाई होती. ज्या घरातल्या पोरांनी चोरून भरवलेल्या वर्गात जर्मन बाराखडी गिरवली, त्या घरांना ही युती गिळायला जड गेली, आणि मला ते पूर्ण समजतं.

सांगलीची_सिस्टर

वरचं सगळं बरोबर आहे पण याची किंमतही सांगते, कारण ती आम्ही नोकरी करणारे मोजतो. मंत्रिमंडळात जे प्रमाण तेच सरकारी नोकऱ्यांत, फक्त तिथे जनगणनेतल्या भाषागटांच्या प्रमाणात. त्यासाठी तुम्ही कुठल्या भाषेचे हे लिहून द्यावं लागतं, तो कागद कोर्टात बंद पाकिटात राहतो आणि नोकरीच्या अर्जाला त्याचा दाखला जोडायचा. मी नागरिकत्व मिळाल्यावर तो फॉर्म हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले. जर्मन, इटालियन, लादिन. मी मराठी, सांगलीची, आईशी रोज फोनवर मराठीत बोलते. "अन्य" असं लिहिता येतं पण मग तीनपैकी एका गटाला स्वतःला जोडून घ्यावंच लागतं. मी इटालियनला जोडलं कारण माझं नर्सिंग इटालियनमध्ये झालं. त्या दिवशी मला खूप एकटं वाटलं होतं, खरं सांगते.

आणि परीक्षा वेगळीच. द्विभाषिक दाखला, इथे सगळे पातेंतीनो म्हणतात, तो नसला की कायमची नोकरी नाही, तात्पुरता करार. पहिल्यांदा बसले तेव्हा जर्मनमध्ये नापास झाले. रात्रपाळी करून सकाळी अभ्यास, दीड वर्ष असं काढलं. पण एक सांगू का, वॉर्डात एक आजी होत्या, ऑपरेशननंतर घाबरून फक्त जर्मनच बोलत होत्या, इटालियन सुचतच नव्हतं त्यांना. मी जर्मनमध्ये विचारलं कुठे दुखतंय आणि त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. तेव्हा कळलं हा नियम कशासाठी आहे. आपल्याकडे आजारी माणूस आपल्या भाषेत कण्हतो तसंच की.

सीमाभाग_७८

बेळगावचा पोरगा, मी खानापूर तालुक्यातला, वय झालंय, आंदोलनात होतो. तुझ्या आजोबांची पिशवी म्हणजे आमच्या पिढीतल्या घराघरातली पिशवी आहे. पण तुलना करताना एक विसरू नकोस. बोल्झानोच्या लोकांना हे कुणी आपण होऊन दिलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर तो भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, १९४६ ला पॅरिसमध्ये दोन्ही देशांचा करार झाला, पण १९४८ च्या पहिल्या स्वायत्ततेत त्यांना शेजारच्या ट्रेंटो प्रांताबरोबर एकाच प्रदेशात घातलं आणि तिथे बहुमत इटालियन लोकांचं. म्हणजे कागदावर स्वायत्त आणि हातात काही नाही. मग १९५७ ला सिग्मुंड्सक्रोनच्या किल्ल्यावर हजारोंची सभा झाली, सिल्वियस माग्नागो यांनी ट्रेंटोपासून वेगळं व्हायची मागणी मांडली. युद्धात एक पाय गमावलेला माणूस तो, पुढे १९८९ पर्यंत तेच मुख्यमंत्री. १९६० ला ऑस्ट्रियाने प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ ला एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे उडवले गेले, त्या काळात माणसंही मेली, ते मी कधीच चांगलं म्हणणार नाही. १९६९ ला तडजोडीचं पॅकेज माग्नागोंच्याच एसव्हीपी पक्षात जेमतेम ५३ टक्क्यांनी पास झालं. आणि भांडण संपलं असं ऑस्ट्रियाने कळवलं ते १९९२ ला.

सांगायचं हे की तिथे सीमा होती तिथेच राहिली, पण शाळा, रस्ते, शेती, जागेचं नियोजन, कागदाची भाषा हे अधिकार सरकले आणि गोळा होणाऱ्या बहुतेक करांतले दहापैकी नऊ भाग प्रांताकडेच राहतात. आमचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण निकाल लागेपर्यंत आमच्या पोरांनी उतारा कुठल्या भाषेत वाचायचा, हा प्रश्न आम्ही जेवढ्या जोराने मांडायला हवा होता तेवढा मांडला नाही, असं आता वाटतं.

चिपळूण_मास्तर

वेगळ्या शाळा म्हटल्यावर मुलं एकमेकांना भेटतच नसतील ना? निवृत्त शिक्षक आहे म्हणून विचारतोय.

गार्डेनाचा_जावई

मास्तर, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. जर्मन शाळा आणि इटालियन शाळा वेगळ्या, दुसरी भाषा पहिलीपासून शिकवतात पण विषय म्हणून, त्यामुळे अठरा वर्षांची पोरं एकाच गावात वाढून एकमेकांशी अडखळत बोलतात. मिश्र वर्ग काढावेत अशी मागणी खूप पालकांची आहे, पण जर्मन बाजूच्या बऱ्याच लोकांना भीती वाटते की एकदा दार उघडलं की आपली शाळा हळूहळू जाईल. लादिन खोऱ्यांत मात्र वेगळं आहे, तिथे निम्मे विषय जर्मनमध्ये, निम्मे इटालियनमध्ये आणि लादिन सोबतीला. माझ्या मुलीच्या बालवाडीत प्रत्येक भाषेला रंग होता, लादिन हिरवी, जर्मन लाल, इटालियन पिवळी. ती घरी येऊन मला विचारायची, बाबा तुझी मराठी कुठल्या रंगाची? आम्ही दोघांनी मिळून केशरी ठरवला, अजून तिच्या वहीत मराठी शब्द केशरी पेनानेच लिहिलेले असतात.

बेळगावचा_पोरगा

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं लिहिलेलं आजोबांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. सिस्टरताई, मला डिग्रीनंतर इथेच थांबायचंय, जर्मनची तयारी कशी करू? दुकानात लोक बोलतात ते मला अजिबात कळत नाही.

सांगलीची_सिस्टर

ते कळणार नाहीच लगेच, कारण दुकानात बोलतात ती टिरोली बोली, परीक्षेत असते प्रमाण जर्मन. आधी प्रमाण जर्मन पक्कं कर, बाहेरचं मान्यताप्राप्त जर्मन सर्टिफिकेट पण धरतात, त्याचे नियम आधी वाचून घे. आणि बोलीसाठी रविवारी गावात जाऊन बस, चुकीचं बोलायला लाजू नकोस, म्हातारी माणसं फार कौतुकाने शिकवतात. माझ्याकडे जुनी पुस्तकं आहेत, व्यनि कर, देते.