मदत हवी आहे: युगांडाला परतताना मच्छरदाणीचं कापड न्यायचंय

नमस्कार मंडळी. मी मिरजेची, ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पूर्व युगांडातल्या एका मिशन हॉस्पिटलात अकरा वर्षं काम करतेय. आईच्या आजारपणासाठी दोन महिने घरी आले होते, आता पुढच्या महिन्यात परत निघायचंय.

आमच्याकडे हर्नियाचे पेशंट फार. निघायच्या आदल्या आठवड्यात एक काका चालत आले, डोक्यावर मटोकेच्या केळ्यांचा घड, एक हात जांघेवर घट्ट दाबलेला. ऑपरेशनमध्ये पोटाच्या कमकुवत भागाला आधार म्हणून आत बसवायची कंपनीची जाळी आम्हाला परवडत नाही. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. पुढे २०१६ साली युगांडातल्याच चाचणीचे निष्कर्ष आले: वर्षभरानंतर मच्छरदाणीची स्वस्त जाळी कंपनीच्या महागड्या जाळीच्या बरोबरीची ठरली. आपल्या खानदेशातलं काम तिथे उपयोगी पडतंय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आमच्या सर्जननी पॉलिथिलिनचं, कीटकनाशक अजिबात न लावलेलं कापड आणायला सांगितलंय. ते १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायचं असतं, त्यामुळे भलतंच चालत नाही. इथे दुकानदारांना नेमकं काय ते सांगता येत नाही. खात्रीचं कापड कुठे मिळेल? युगांडातल्या एन्टेबे विमानतळाच्या कस्टम्सवर त्यासाठी हॉस्पिटलचं पत्र पुरतं का?

अजून एक. माझ्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीच्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलीय, ती संपली. २०१६ पासून ती लस आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, तरी मुंबई विमानतळावर कुणाला अडवलंय का? अनुभव असेल तर कृपया लवकर कळवा.