मदत हवी आहे : कान्हेरीच्या वाटेवर बाबांच्या पोटऱ्यांत गोळे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा साधारण ६ किमी डांबरी रस्ता आम्हा बापलेकीच्या पायाखालचा. मागच्या रविवारी मात्र उतरताना बाबांच्या (वय ६८) दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. काळ्या शर्टावर घामाचं मीठ पांढरं उमटलं होतं. दोघांत ३ लिटर पाणी संपवलेलं, म्हणजे पाणी कमी पडलं नसावं. सावलीत बसवून पोटऱ्या चोळल्या, तेव्हा कुठे सुटले.

ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यात, हे ठाऊक आहे. पण त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, मीठ कमीच खायचंय. डॉक्टरांना विचारणारच आहे. बसने जायला ते तयार नाहीत. रक्तदाब असलेल्या घरच्यांना उन्हात चालायला नेताना तुम्ही प्यायला काय नेता, आणि किती वेळाने देता?