चाळीस माणसांच्या कारखान्याला व्हॉट्सॲप पुरे? नाही पुरत!

दोनमायक्रॉन
परवा टिनशेड यांनी लिहिलं, "चाळीस माणसांच्या मशीनशॉपला व्हॉट्सॲप बास. स्लॅक, टीम्स ही ऑफिसची चॅट ॲप म्हणजे आयटीवाल्यांची थेरं. माणशी पैसे मोजायचे आणि गप्पा त्याच." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला, म्हणून हे लांबलचक.

गप्पांचा प्रश्नच नाही. ड्रॉइंग फोटो म्हणून टाकलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं. ए-३ कागद, कोपऱ्यात बारीक अक्षरात मापातली सूट, ±०.०२. दाबलेल्या फोटोत पॉइंटनंतरचं शून्य पुसट होतं आणि ऑपरेटर ०.२ वाचतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत. पण घाईत सगळे गॅलरीच उघडतात. पुढे ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, रिव्हिजन बी, आली तरी जुनी ए तिथेच पडून असते. रात्रपाळीवाला पार्ट नंबर शोधतो, दोन्ही सापडतात. फाइलच्या नावात रिव्हिजन नसेल तर त्याने कुठली मशीनला लावायची?

आणि माणूस सोडून गेला की? ग्रुपमधून काढलं तरी त्याच्या फोनवर आजवरची ड्रॉइंग, रेट, गिऱ्हाइकांचे नंबर तसेच. उलट नव्याला मागचा वर्षभराचा व्यवहार दिसत नाही. जाणाऱ्याच्या हातात सगळं, येणाऱ्याच्या हातात भोपळा.

टिनशेड
उंटावरून शेळ्या हाकू नका. ऑपरेटरचे हात कूलंटने माखलेले असतात. तो बटण दाबून बोलतो, "इन्सर्ट संपले, स्टोअरला सांगा," म्हणजे कटिंगची बदलायची टोकं संपली. झालं काम. त्याला नवं ॲप, ईमेल, पासवर्ड देणार? अर्ध्यांना ईमेल आयडीच नाही. आणि तुमचं स्लॅक फुकटात ९० दिवसांमागचं दाखवत नाही. रिपीट ऑर्डर आठ महिन्यांनी येते, तेव्हा काय आठवणीवर माल काढायचा?

दोनमायक्रॉन
फुकटचं स्लॅक घ्या असं मी कुठे म्हटलं? सप्टेंबर २०२२ आधी दहा हजार मेसेजची मर्यादा होती, मग ९० दिवसांची आली. २०२४ पासून फुकटवाल्यांचा वर्षापेक्षा जुना मजकूर पुसूनच टाकतात. तेव्हा ते बादच. आणि तुमच्या व्हॉइस नोटबद्दल: तीन आठवड्यांनी "इन्सर्ट कधी सांगितले होते?" हे शोधायला चाळीस नोटा कानाला लावून बसा.

रविवारी_अपडेट
टीम्स घेणाऱ्यांनी एक खड्डा बघून ठेवा. चॅनेलमध्ये टाकलेली फाइल शेअरपॉइंटवर, म्हणजे टीमच्या जागेत जाते. पण दोघांच्या खासगी चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या साठ्यात, वनड्राइव्हमध्ये बसते. तो नोकरी सोडतो, ॲडमिन खातं उडवतो, आणि मूळ सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवसांनी ते वनड्राइव्हही जातं. चॅटमध्ये फाइलचं नाव दिसतं, उघडत नाही. म्हणून खातं उडवायच्या आधी फाइली दुसऱ्याच्या नावावर करा. गूगल वर्कस्पेसमध्येही तेच: खातं डिलीट करताना ड्राइव्ह कोणाकडे द्यायचं ते विचारतात, तिथे डोळे झाकून पुढे जाऊ नका. शिवाय गूगल चॅटमध्ये हिस्टरी बंद असली तर मेसेज २४ तासांत जातात. ती ॲडमिनने सक्तीने चालू ठेवायची.

आयजीएसटी_काकू
पैशांचं कोणीच बोललं नाही. बिल परदेशी कंपनीकडून आलं तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून भरावा लागतो आणि छोटे कारखानदार तो हमखास विसरतात. देशातून बिल देणारा विक्रेता घेतला तर ही कटकट नाही.

सर्व्हर_आबा
पैसे कशाला? झुलिप हे चॅट ॲप स्वतःच्या सर्व्हरवर टाका, मुक्त स्रोत आहे. चॅनेलमधल्या मेसेजला विषय देता येतो. जॉब नंबर हाच विषय ठेवला की त्या जॉबचं सगळं एका ओळीत सापडतं. इतकी सोपी गोष्ट लोकांना कळत नाही.

टिनशेड
आणि शनिवारी रात्री सर्व्हर पडला तर आबा येणार का स्कूटरवरून?

सर्व्हर_आबा
बॅकअप रोज दुसऱ्या जागी जायला हवा आणि तीन महिन्यांतून एकदा तो परत चढवून बघायला हवा. न चढवलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. हे करणार नसाल तर झुलिप नको, हे मीच सांगतो. जमणाऱ्यांनी करावं.

शिक्का_आणि_सही
दोनमायक्रॉन, तुमचा 'रेकॉर्ड' कोर्टात कसा टिकेल याचा विचार केलात? माल नाकारला, पैसे अडकले, मग लोक व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घेऊन येतात. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आहे. जुन्या ६५बी ऐवजी कलम ६३: इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना परिशिष्टात दिलाय: भाग अ पक्षकाराने, भाग ब तज्ज्ञाने भरायचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासकट. स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

टिनशेड
कोर्टात जायची वेळ आली की धंदा बसलाच. विषय काय, चाललंय काय!

शिक्का_आणि_सही
विषय तुम्हीच काढलात, "आमच्याकडे सगळं लेखी आहे" असं परवा लिहून. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला बघा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. व्हिडिओ होता, अधिकाऱ्याची साक्ष होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आमदारकीच्या खटल्यात ही कथा, तुमच्या मालाच्या चलनाचं काय घेऊन बसलात.

दोनमायक्रॉन
म्हणजे फोन कामगाराचा असेल तर मूळ उपकरणही त्याच्याच खिशात. हाच तर माझा मुद्दा!

शिक्का_आणि_सही
अर्धाच. कंपनीच्या नावावरचं टूल असलं तरी प्रमाणपत्र लागतंच. फरक एवढाच की ॲडमिन तुमचा माणूस असतो, त्याला सही करायला सांगता येतं. सोडून गेलेला सेल्समन कशाला करेल?

सर्व्हर_आबा
स्वतःचा सर्व्हर असला की हॅश काढणं दोन मिनिटांचं...

टिनशेड
आबा, पुरे.

रविवारी_अपडेट
व्हॉट्सॲपच्या 'एक्सपोर्ट चॅट'वर विसंबू नका. मीडियासकट शेवटचे दहा हजार मेसेज, मीडियाशिवाय चाळीस हजार, एवढंच निघतं. निघते ती साधी टेक्स्ट फाइल, कोणीही नोटपॅडमध्ये उघडून आकडा बदलू शकतो.

शिक्का_आणि_सही
उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

टिनशेड
ठीक. वकील, हिशेबनीस आणि आबा सगळे एकीकडे, मी एकटा अडाणी. मान्य. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाही. नवं ॲप टाकलं की लोक म्हणतात "मेसेज आलाच नाही", आणि तिसऱ्या दिवशी सगळे परत हिरव्या ग्रुपवर. हे कसं थांबवायचं ते सांगा, मग शहाणपणा.

दोनमायक्रॉन
हा प्रश्न आधीच विचारला असता तर एवढं लिहावं लागलं नसतं. मेसेज येतो, फोन दाखवत नाही. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागची ॲप मारून टाकतात. व्हॉट्सॲपला बऱ्याच फोनमध्ये आधीच सूट दिलेली असते, नव्या ॲपला नसते. प्रत्येक फोनवर सेटिंग, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, 'अनरिस्ट्रिक्टेड'. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं. चाळीस फोन, एक दुपार. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलची रेंज मरते, तिथे वायफाय लागेलच.

आणि चाळीस खाती नकोतच. ऑपरेटरला राहू द्या व्हॉट्सॲपवर, "इन्सर्ट संपले" पुरतं. सुपरवायझर, क्वालिटी, स्टोअर, पर्चेस, डिस्पॅच, ऑफिस: दहा-बारा खाती. ड्रॉइंग चॅटमध्ये टाकायचंच नाही, फोल्डरची लिंक टाकायची. फोल्डरमध्ये एकच चालू रिव्हिजन, जुनी 'रद्द'मध्ये. मशीनपाशी टॅब्लेट, त्यावर तेवढाच फोल्डर, फक्त वाचायची परवानगी.

टिनशेड
म्हणजे व्हॉट्सॲप राहिलंच की! मग हे सगळं रामायण कशासाठी?

दोनमायक्रॉन
तुम्ही "बास" लिहिलं होतं म्हणून.

आयजीएसटी_काकू
दहा-बारा खात्यांचं बिल इन्सर्टच्या एक-दोन बॉक्सएवढं होईल. तेवढ्यासाठी टिनशेड भांडतील असं वाटत नाही.

टिनशेड
भांडेन. पण डिस्पॅच आणि क्वालिटीपुरतं महिनाभर लावून बघतो. ड्रॉइंगचा फोल्डर आजच करतो, त्याला पैसे पडत नाहीत. आबांनी फोन करू नये.

सर्व्हर_आबा
फोल्डरचा बॅकअप कुठे घेणार?