मदत हवी आहे: बॉडी फॅटचे तीन आकडे, खरा कोणता?

गोदाकाठ_४२२
तातडीचं आहे. एकाच आठवड्यात फॅट तीनदा मोजलं. घरचा मोबाईलला जोडलेला काटा २४.६ टक्के म्हणतो, जिमचं मशीन ३४.२, आणि तिथल्याच ट्रेनरने चिमट्याने काढलं ते २९. वजन सगळीकडे ६१. खरं कुठलं? रविवारपर्यंत पैसे भरायचे की नाही ते ठरवायचंय. "सगळं आपापल्या जागी बरोबर असतं" छाप उत्तरं नकोत, एक आकडा सांगा.

सिडकोचा_पक्या
पैसे कसले? वय किती, उंची किती? काहीच न सांगता आकडा मागताय.

पांडवलेणी_रोज
भाऊ, मशीनच्या नादाला लागू नकोस. रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या, जुनी पँट ढिली झाली की समजायचं. आपण नाशिककर सकाळी मिसळीवर तर्री मागून घेणार आणि संध्याकाळी टक्के मोजणार.

सिन्नर_दूधवाला
फॅट म्हटलं की आमचं डोकं दूध संकलन केंद्रात जातं. गायीला साडेतीन, म्हशीला सहा. ३४ लागलं तर भाव काय द्यायचा बोला :)

तोफखाना_निवृत्त
विनोद पुरे. धागाकर्ते, शिवणकामाची टेप घ्या. अमेरिकन नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली सूत्र बसवलं. मान, कंबर आणि उंची, बस्स. कंबर श्वास सोडल्यावर मोजावी, पोट आत ओढू नये. माप कळवा, मी गणित करून देतो.

गोदाकाठ_४२२
मान ३२, कंबर ८०, उंची १५८ सेंमी. वय ३६. लवकर सांगा प्लीज.

तोफखाना_निवृत्त
२०.८ टक्के. छान आहे. कोणालाही पैसे देऊ नका.

त्रयस्थ
एवढा खटाटोप कशाला? ६१ किलो, १५८ सेंमी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४.४. पंचविसाच्या आत. धागा बंद करा.

फिजिओ_इंदिरानगर
थांबा जरा. काका, ३२ ची मान पुरुषाची वाटत नाही. धागाकर्ते, तुम्ही स्त्री की पुरुष?

गोदाकाठ_४२२
बाई आहे. कुणी विचारलंच नाही. आणि फॅट म्हणजे फॅट, त्यात बाई-पुरुष काय?

पांडवलेणी_रोज
सॉरी ताई. पायऱ्यांचं मात्र तेच.

फिजिओ_इंदिरानगर
त्यात सगळंच आलं, ताई. बाईच्या शरीरात मुळातच चरबी जास्त असते, म्हणून दोघांची सूत्रं वेगळी. बायकांसाठी नितंबांचा घेरही लागतो. तो किती?

गोदाकाठ_४२२
९८.

तोफखाना_निवृत्त
सुधारित गणित: ३३.४ टक्के.

सिडकोचा_पक्या
काका, २०.८ वरून ३३.४? एका पोस्टमध्ये तेरा टक्के चरबी वाढवलीत की ताईंची!

तोफखाना_निवृत्त
माहिती अपुरी होती. सूत्राचा दोष नाही.

फिजिओ_इंदिरानगर
आता घरच्या काट्याकडे येऊ. त्यात नोंद करताना ॲथलीट मोड चालू केलाय का?

गोदाकाठ_४२२
हो, आहे चालू. मी रोज कृषीनगरच्या ट्रॅकवर चालते, योगा करते. त्याचा काय संबंध?

फिजिओ_इंदिरानगर
तुमच्या कमी आकड्याचं मुख्य कारण बहुतेक तेच. काटा चरबी मोजत नाही. एका तळपायातून हलका विद्युतप्रवाह सोडतो, दुसऱ्या पायाने परत घेतो आणि किती अडथळा आला ते बघतो. स्नायूंत पाणी भरपूर, त्यांतून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. त्यावरून तो शरीरातल्या पाण्याचा अंदाज बांधतो. मग चरबी वगळून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून उलटं गणित करतो. त्यात वय, उंची, लिंग तुम्ही भरलेलं. ॲथलीट म्हटलंत की सूत्रच बदलतं आणि त्याच पायांना तो कमी चरबी देतो. हा मोड रोज कित्येक तास कडक सराव करणाऱ्यांसाठी असतो. शिवाय प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो, पोटाच्या वरचं त्याला फारसं कळतच नाही.

जिमच्या मशीनला हातात धरायच्या मुठी होत्या का? किती वाजता मोजलं?

गोदाकाठ_४२२
मुठी होत्या. संध्याकाळी, झुंबा झाल्यावर. दुपारपासून पाणी प्यायला वेळच झाला नव्हता.

फिजिओ_इंदिरानगर
हातापायाचं मशीन घरच्यापेक्षा बरं, पण वेळ चुकीची. पाणी कमी असलं की अडथळा वाढतो, आकडा वर जातो. उलट व्यायामाने कातडी गरम आणि ओली झाली की तो खालीही येतो. तुमच्या ३४.२ मध्ये कशाचा किती वाटा, कोणी सांगू शकणार नाही. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, त्यानेही फरक पडतो.

डेक्सा_का_नाही
एवढी चर्चा करण्यापेक्षा डेक्सा स्कॅन करा. क्ष-किरणांच्या दोन ऊर्जा वापरून हाड, चरबी आणि बाकीचं वेगळं दाखवतो. हात, पाय, पोट सगळं निरनिराळं. किरणोत्सर्ग अगदी कमी. हेच खरं, बाकी सब झूठ.

सिडकोचा_पक्या
सल्ला देणं सोपं. आईचा डेक्सा केला तेव्हा फक्त कंबरेचं हाड आणि मणके बघितले, हाडं ठिसूळ झालीत का ते. चरबीचा रिपोर्ट मागितला तर काउंटरवरची मुलगी माझ्याच तोंडाकडे बघत बसली. आधी फोन करून पूर्ण शरीराचं चरबी-स्नायूंचं माप मिळतं का ते विचारा. दिवस गेल्याची शंका असेल तर जायचंच नाही.

त्रयस्थ
आणि डेक्साही अंदाजच. दोन कंपन्यांची मशीनं एकाच माणसाला वेगळे आकडे देतात. चरबीचं थेट वजन करायचं तर मृतदेहाचं विच्छेदनच करावं लागतं.

सिन्नर_दूधवाला
म्हणूनच म्हणतो, आमचं सोपं. गर्बर पद्धतीत दुधात सल्फ्युरिक ॲसिड घालतात, बाकीचं सगळं विरघळतं, नळी यंत्रात गरगर फिरवली की चरबी वर येते, खुणेवर वाचायची. माणसाला ते जमणार नाही. ताईंना बाहेरून चाचपूनच बघावं लागणार.

गोदाकाठ_४२२
मला दूध काढायचं नाहीये. चिमट्याचं २९ कुणी सांगेल का?

फिजिओ_इंदिरानगर
चिमट्याने कातडीखालच्या घडीची जाडी मोजतात. कुठे कुठे धरलं होतं?

गोदाकाठ_४२२
फक्त दंडाला, मागच्या बाजूला.

फिजिओ_इंदिरानगर
मग ते २९ बाजूला ठेवा. डर्निन आणि वोमर्स्लींच्या १९७४ च्या पद्धतीत दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखाली आणि कंबरेच्या हाडावर अशा चार घड्या घेतात. त्यावरून शरीराची घनता आणि घनतेवरून टक्केवारी. एका जागेवरून शॉर्टकट असतात, पण ते कच्चे. चार घेतल्या तरी मोजणाऱ्याचा हात महत्त्वाचा, ट्रेनर बदलला की आकडा बदलतो. हे काम ग्लासगोमधल्या लोकांवर झालेलं, आपली ठेवण वेगळी. आणि पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी चिमट्यात येतच नाही.

त्रयस्थ
म्हणूनच म्हटलं, बीएमआय बघा.

फिजिओ_इंदिरानगर
बीएमआयवर तर अजिबात विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, तुमचं पंचविसाचं माप आपल्यासाठी नाही.

त्रयस्थ
बरं, हे मान्य.

सिडकोचा_पक्या
पैशांचं अजून कळलं नाही. कसले पैसे?

गोदाकाठ_४२२
जिमची स्कीम आहे. तीन महिन्यांत त्यांच्या मशीनवर ४ टक्के फॅट कमी झालं नाही तर पूर्ण पैसे परत. ३४.२ ही सुरुवात धरणार. म्हणून तर विचारतेय खरा आकडा कुठला!

सिडकोचा_पक्या
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं!! अहो, सुरुवात संध्याकाळी, घाम गाळून, पाण्याविना. शेवटचं माप सकाळी, भरपूर पाणी पाजून घेतलं तर काही न करताही आकडा उतरू शकतो. मग परत कसले मिळतायत पैसे.

फिजिओ_इंदिरानगर
मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही, पण पक्याचा मुद्दा बरोबर. ताई, एक आकडा तुम्हाला कोणीच देऊ शकणार नाही. ॲथलीट मोडचा २४.६ सोडून द्या. टेप आणि मशीन बघता तिशीच्या थोडं वर असाल, एवढंच. पैसे भरण्याआधी त्याच मशीनवर लागोपाठ दोन सकाळी मोजून घ्या. रिकाम्या पोटी, लघवीला जाऊन आल्यावर, व्यायामाआधी. त्या दोन दिवसांतच दोन टक्क्यांचा फरक आला तर ४ टक्क्यांच्या हमीला किती अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा. शेवटचं मापही याच स्थितीत, पाळीच्या याच टप्प्यावर होईल असं करारात लिहून मागा.

आणि कंबर ८०, हे मला त्या टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. भारतीय बायकांसाठी ८० ही धोक्याची रेष. उंचीच्या निम्मी म्हणजे ७९ च्या आत ठेवायला बघा. वर्षभरात साखर तपासली नसेल तर तीही तपासा.

तोफखाना_निवृत्त
शेवटी टेपच.

गोदाकाठ_४२२
ट्रेनरला आत्ताच मेसेज केला. म्हणतो लिहून वगैरे देत नाही, सगळ्यांना हीच स्कीम आहे, विश्वास ठेवा.

सिडकोचा_पक्या
झालं मग. नका भरू.

डेक्सा_का_नाही
त्याच पैशांत डेक्सा होईल.

अंबडची_सूनबाई
धागा वाचून घरात तसलाच काटा काढून ठेवला. सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय, त्यांनी उभं राहिलं तर चालेल का?

फिजिओ_इंदिरानगर
अजिबात नको. प्रवाह सोडणाऱ्या काट्यावर त्यांना उभं करू नका. वजनापुरता साधा तबकडीवाला वजनकाटा आणा.